बतनोआमच्या रांजणाचं झाकण

सोर बेटाच्या ज्या टोकाला वारा सगळा दर्प समुद्रावर उडवून नेतो, तिथे बतनोआमचा रंगखाना होता. रिकाम्या शंखांचा ढीग तिच्या छपरापेक्षा उंच, आणि तिचा संशय त्याहून उंच. कोळी रंगासाठी जिवंत समुद्री गोगलगाई देऊन गेला की ती टोपलीचा तळसुद्धा तपासायची. शेजारणीला विस्तव मिळायचा, पण उंबऱ्याबाहेर. नवऱ्याचं गलबत बुडाल्याची बातमी आली, तेव्हा म्हणे तिने आधी विचारलं होतं, "नक्की बुडाला, की समुद्रापलीकडच्या यवनांकडे राहिला?"

वसंतात मेलकार्त देव जागा होतो. त्या दिवशी गाभाऱ्यावर पडदा लागायचा तो या घरच्या जांभळ्या लोकरीचा. आजीपासूनचा मान. यंदा मात्र लोकर रांजणातून निघाली ती निळी. सुंदर होती, पण निळी. पुजाऱ्याने ती बोटांत चुरगाळली आणि हळूच म्हणाला, "बाई, आणखी एक रांजण लावा. तोही असाच निघाला, तर पडदा दुसरीकडून घेऊ."

बतनोआमने गुन्हेगार केव्हाच ठरवला होता. जावई अब्दसासम. सायप्रस बेटावरच्या किटियनचा, गेल्या शरदात लग्न करून घरी राहायला आलेला रंगारी. संध्याकाळी तो बंदरावर यवन खलाशांशी हसत बोलायचा. यवनांशी हसून बोलण्यासारखं असतं काय? घरची विद्या विकत असणार, आणि चोरून रंगाचा रस काढताना रांजण बिघडवत असणार.

रांजणाचं झाकण सूर्य बुडाल्याशिवाय उघडायचं नाही, हा आजीचा नियम. कारण आजीने सांगितलं नव्हतं, आणि बतनोआमला विचारावंसं वाटलं नव्हतं. तिच्या मते झाकण असतंच परकी नजर अडवायला. म्हणून जावई आल्यापासून ती झाकणावर लोकरीचा एक धागा ठेवायची. दुपारी तो जेवायला बसला की धागा हललाय का बघायची, मग झाकण उचलून रस कमी झालाय का तेही बघायची. छपराच्या भोकातून ऊन थेट रांजणात उतरायचं. बरंच झालं, तळापर्यंत स्वच्छ दिसायचं.

दुसरी लोकर रात्री नव्या रांजणात बुडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक शिबलतने हाक मारली, "आई, जेवायला ये."

"तो काय करतोय?"

"दिसला नाही मला."

बतनोआम धावतच रंगखान्यात गेली. आत अंधार होता. जावई छपरावर बसून भोकावर बकऱ्याचं कातडं ताणत होता.

"उतरा, जावईबापू. वरून चांगलं दिसतं वाटतं रांजणातलं?"

"वरून ऊन येतं, सासूबाई. ते बंद करतोय." तो खाली उतरला. "दुपारी झाकण तुम्ही उघडता."

"उघडते. मालकीण आहे मी."

"उन्हाला मालकीण कळत नाही. आमच्याकडे निळा रंग हवा असला, की रांजण मुद्दाम उन्हात उघडा ठेवतात."

"आणि हे इतके दिवस पोटात ठेवलंस?"

"मी रांजणाजवळ आलो, की तुम्ही मला पाणी आणायला पाठवता."

दारात उभी असलेली शिबलत तोंड फिरवून हसली.

बतनोआमचा विश्वास बसला नाही. तिने अंधारातच दोन वाट्यांत रस घेतला, दोन्हींत लोकरीची एकेक बट बुडवली. एक वाटी अंगणात उन्हात ठेवली, दुसरी घोंगडीखाली. आणि कोणी अदलाबदल करू नये म्हणून स्वतः मधे बसून राहिली. काही वेळाने बटा पिळून वाऱ्यावर धरल्या. घोंगडीखालची जांभळी झाली. उन्हातली निळी.

तिने दोन्ही बटा कमरेला खोचल्या.

"दोर आण," ती जावयाला म्हणाली. "खलाशांची गाठ मार झाकणाला. मला सुटणार नाही अशी."

त्याने मारली.

"तुला सुटेल ना?"

"सुटेल."

"हं." तिने चौरंग ओढला आणि रांजणाला टेकून बसली. अधूनमधून तिचा एक हात गाठीकडे जायचा, दुसरा त्याला धरून मागे आणायचा.

सूर्य बुडाल्यावर अब्दसासमने गाठ सोडली. लोकर वर आली ती हिरवट पिवळी. शिबलत दिवा जवळ घेऊन आली. मग वारा लागला, आणि लोकर काठाकाठाने गडद होत होत जुन्या द्राक्षरसासारखी जांभळी झाली.

बतनोआमने ती तोंडाजवळ नेऊन हुंगली आणि घडी करून जावयाच्या हातावर ठेवली.

"देवळात तूच घेऊन जा. यंदाचा मान तुझा."

तो निघाला. तिने अंगावर घोंगडी ओढली.

"तू कुठे निघालीस?" शिबलतने विचारलं.

"त्याच्या मागे," बतनोआम म्हणाली. "वाटेत बंदर लागतं."