पुट्टीखालच्या तारखा

ती केस आठवली की माझं डोकं आजही तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्या आरोपींवरचा राग कधीच मावळला. या केसचा मावळत नाही, कारण त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे. नावं कुणाचीच घेत नाही. ज्यांना स्वतःला ओळखायचं ते ओळखतील.

मी तेव्हा लातुरात एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. क्लासेसचा धंदा नुसता उतू चालला होता. हद्दीतल्या दर दुसऱ्या इमारतीवर गुणवंत मुलांचे फोटो, आणि नांदेड, उदगीर, धर्माबादकडून आईबाप मुलांना आणून सोडत. पोरगं डॉक्टर होणार म्हटल्यावर ते राहणार कुठे, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्याच हद्दीत एक तरुण पत्रकार होता. आधी वर्तमानपत्रात होता. क्लासच्या पानभर जाहिराती येऊ लागल्या आणि याच्या क्लासवरच्या बातम्या छापायच्या बंद झाल्या, तेव्हा राजीनामा देऊन त्याने मोबाईलवर स्वतःचं चॅनल काढलं. कचेरी म्हणजे एक स्कूटर, एक मोबाईल आणि तो उभा करायला तिकाटणं. खरं सांगायचं तर मला तो आवडत नसे. आमच्या ठाण्याच्या आवारात सडत पडलेल्या जप्तीच्या गाड्यांवरही त्याने एकदा बातमी केली होती.

जूनमध्ये एका सकाळी जमिनीतून तो आवाज आला. आमच्या भागात असे गूढ आवाज अधूनमधून होतात. किल्लारीच्या भूकंपापासून इथला माणूस तो आवाज ऐकला की आधी घराबाहेर पडतो आणि मग विचार करतो. एका मोठ्या क्लासच्या वसतिगृहातल्या मुलीही रस्त्यावर धावल्या. वॉर्डनने ओरडून त्यांना परत आत घातलं. संध्याकाळी पत्रकाराने व्हिडिओ टाकला. त्या वसतिगृहाच्या जिन्याजवळच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती, आणि या इमारतीत मुली ठेवायला परवानगी कुणी दिली, असा त्याचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी जीपा भरून आईबाप आले आणि मुलींच्या ट्रंका उचलू लागले.

दुपारी क्लासचे मालक ठाण्यात आले. सगळं शहर त्यांना 'सर' म्हणे. फिर्याद वकिलाकडून टाइप करून आणली होती. मी ती दोनदा वाचली. एका परिच्छेदात होतं की आरोपीने मुलींच्या वसतिगृहात विनापरवाना घुसून चित्रीकरण केलं. पुढच्याच परिच्छेदात होतं की व्हिडिओतली इमारत आमची नाहीच, कुठल्या तरी पडक्या घराचं चित्र दाखवून आरोपीने घबराट पसरवली. म्हणजे घुसला यांच्या घरात आणि चित्र काढलं दुसऱ्याच्या घराचं! खोटं बोलणारा माणूस पळायला दोन दारं उघडी ठेवतो, हे मी शिपायांना नेहमी शिकवायचो. पण तोवर वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता, "मुलींचा विषय आहे, अटक करा." मी गुन्हा नोंदवला.

कलमं सात वर्षांच्या आतल्या शिक्षेची. असल्या गुन्ह्यात नोटीस देऊन सोडता येतं. मी नोटीस दिली नाही, जीप पाठवली. आईच्या देखत त्याला घरातून उचलला. संध्याकाळी इतर चॅनलांवर एकच बातमी होती, 'मुलींच्या वसतिगृहात घुसणारा पत्रकार गजाआड.' कालपर्यंत त्याच्या शेजारी माईक धरून उभे राहणारेच ती वाचत होते.

चौकशीला त्याला समोर बसवला.

"आत कसा गेलास?"

"गेलोच न्हाई, साहेब. व्हिडिओ आतून आला मला."

"कुणी पाठवला?"

"ते न्हाई सांगत."

"नाव सांग, घुसल्याचं कलम आत्ता निघतंय. उद्या जामीन होईल."

"हाव, मी जाईन घरी. पण ते लेकरू कुठं जाईल? सर त्याला तासाभरात बॅगेसकट रस्त्यावर काढतील."

मी टेबलावर हात आपटला. फोनचा पासवर्ड मागितला, तो दिला नाही. प्रयोगशाळेत पाठवून उघडून घेईन, असा दम दिला.

"घ्या की उघडून," तो म्हणाला. "तुमचा रिपोर्ट येईस्तोवर लेकराची परीक्षा होऊन जाईल."

आमच्या खात्याचा त्याचा अभ्यास बरा होता. फोन सीलबंद करून मुद्देमालात घेतला आणि प्रयोगशाळेकडे रवाना केला. तेव्हा तो पहिल्यांदा हलला. सुताराची पटाशी काढून घेतली तरी त्याला दुसरी मिळते. याचं सगळं दुकानच त्या फोनमध्ये होतं.

मग आपण होऊन बोलला. "माझा बाप गवंडी हाय, साहेब. भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं बांधली त्यानं. भेग वाढून राहिली का थांबली, ते बघायला त्यो तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायचा अन् वर तारीख टाकायचा. पट्टी फाटली की भेग जिती हाय म्हणायचा. तेच मी त्या लेकराला सांगितलं. महिन्यात तीन पट्ट्या फाटल्या, तवा बातमी केली. हवेत न्हाई केली."

"व्हिडिओत पट्ट्या कुठे दिसतात?"

"कापून टाकल्या. अक्षर ओळखू आलं असतं."

हे खरं की रचलेलं, मला ठरवता येईना. पण दुसऱ्या दिवशी खबर आली. त्या वसतिगृहासमोर खानावळ चालवणारी एक बाई आमच्या महिला शिपायाला म्हणाली, "ज्याला धरलं त्यो बोलला ते खोटं म्हणता, मंग सकाळपासून रंगारी कशाला आलेत वर? पोरी आत अन् रंग चाललाय."

मी बांधकाम खात्याचे एक अभियंते, दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन सरळ वर गेलो. सर मागोमाग आले. "बघा साहेब, कुठं हाय भेग? समाजकंटक हाय त्यो." भिंत पांढरीशुभ्र होती. ऐन प्रवेशाच्या घाईत साऱ्या मजल्यावर तेवढी एकच भिंत रंगवलेली. मी अंगठा दाबला, तो आत रुतला. पुट्टी ओली होती. रंगाऱ्याचा पत्रा तिथेच पडला होता, तोच उचलून खरवडलं. घाईत त्याने कागदही काढले नव्हते. क्लासच्याच कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या तीन पट्ट्या निघाल्या. माथ्यावर क्लासचं छापील नाव, खाली निळ्या शाईत तारखा, आणि तिन्ही मधोमध फाटलेल्या. अक्षर सरांच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्या लगेच पाकिटात घालून सील केल्या.

"पोरींच्या खोड्या असतील," सर म्हणाले.

किल्लारीच्या वेळी मी नवा फौजदार होतो. ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं मी या हातांनी ओळीत ठेवली आहेत. मी सरांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंच खाली बघत उभे होते. अभियंत्यांनी तिथल्या तिथे इमारत रिकामी करायला लिहून दिलं, आणि सायंकाळपर्यंत मुली दुसरीकडे हलल्या. पत्रकाराला जामीन मिळाला.

इथे ही गोष्ट संपवता आली असती तर मी छाती फुगवून सांगितली असती.

फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर पोलीस कोर्टात बी समरी पाठवतात, मग फिर्यादीवर उलटी कारवाई करता येते. गैरसमजातून झालेली असेल तर सी समरी, मग कुणालाच काही होत नाही. मी बी तयार केली. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, चहा पाजला. "कशाला वाढवता? सी करा. तुमचा मुलगा इथेच बारावीला आहे ना? मध्येच बदली झाली तर त्याचं वर्ष जायचं."

माझाही मुलगा त्याच शर्यतीत पळत होता. मी कागद परत नेला आणि सी केली.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर पत्रकार ठाण्यात आला. प्रत वाचून त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, गैरसमजातून फिर्याद झाली म्हणता. गैरसमज कुणाचा?" मी त्याला सही कुठे करायची ते दाखवलं. फोन प्रयोगशाळेतून आला नव्हता. तो हातात पडायला दोन वर्षं लागली. तोवर चॅनल मेलं होतं. जिथे बातमीला जाई तिथे लोक बायकापोरींना आत जा म्हणत. अटकेची बातमी सगळ्यांनी पाहिली होती, सी समरीची कुणी दाखवली नाही.

नवीन अधिकारी भेटले की मी त्यांना सांगतो, खोट्या फिर्यादीला कागदावर खोटी म्हणा. तेवढं जमणार नसेल तर पुट्टी खरवडू नका, उगाच हात मळतात. सत्य शोधून ते खिशात घालणारा पोलीस न शोधणाऱ्यापेक्षा वाईट. मी तो होतो. मुलगा डॉक्टर झाला. त्याची पाटी पाहिली की मला आनंद होतो आणि लाजही वाटते.

निवृत्तीनंतर एका दुसऱ्याच क्लासने मला गुणवंतांच्या सत्काराला पाहुणा म्हणून बोलावलं. हार, शाल, रांगेत उभी मुलं, मागे फलकावर त्या क्लासच्या सरांचं ठळक नाव. कॅमेऱ्यामागे तोच पत्रकार होता. आता क्लासेसच्या जाहिरातींचे व्हिडिओ करतो. त्याने मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "साहेब, जरा बाजूला सरका. सरांचं नाव झाकलं जातंय."

मी निमूट सरकलो.