सगळं पोलादी, पोरांना देता येईल असं

परवा बॉसबरोबर पिस्तूल खरेदीला गेलो होतो. दचकू नका... पिस्तूल त्यांचं, मी नुसता हमाल.

आमचे बॉस, बू राशिद, इथलेच, अबुधाबीचे. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील. आपल्याकडे मुलाला बापाचं नाव लागतं, इथे बापाला मुलाचं. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि मी तिथे क्वालिटी बघतो. थोडक्यात, दिवसभर लोखंडात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा.

दरवर्षी इथे शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं. ससाणे, उंट, तंबू, बंदुका... सगळं. इथल्या नागरिकांना परवाना काढून हत्यार घेता येतं, आपण काचेबाहेरून बघायचं. बू राशिदना राशिदसाठी असं पिस्तूल हवं होतं की जे पुढे त्याच्या पोराला देता येईल. म्हणाले, मुहंदिस (म्हणजे इंजिनिअर), तू स्टीलवाला माणूस, तू सांग कुठलं टिकेल. यल्ला, चल.

मग काय, मी सुटलोच! सेल्समन बिचारा हलकी, प्लास्टिक बॉडीची मॉडेल्स पुढे करत होता. वाईट नसतात हो ती, हल्ली पोलीससुद्धा तीच वापरतात. पण वारशानं द्यायचं तर अख्खं पोलादी हवं, असं मी ठणकावून सांगितलं. इथल्या खाऱ्या दमट हवेत काळ्या फिनिशवर गंज लवकर धरतो, म्हणून स्टेनलेस. हातात जड लागतं, लागू दे. स्प्रिंगा काय, बदलता येतात.

खरं सांगू? ही अक्कल माझी नव्हतीच. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची होती.

आबा फौजेतून रिटायर होऊन कराडजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा त्यांनी लायसन्स काढून एक रिव्हॉल्व्हर घेतलं. दुकानदारानं हलकं दाखवलं, तर आबांनी ते बाजूला सारलं. म्हणाले, अख्खं पोलादी दाखवा, नातवंडांच्या हातात गेलं पाहिजे. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की दुकानदाराचा चेहरासुद्धा मला पाठ आहे.

रानडुकरं पळवायला हवेत दोन-चार बार, यापलीकडे त्याचा उपयोग झाला नाही. पण दसऱ्याला ते पाटावर यायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी कोयता आणि विळा. मी इथे आल्यापासून ही पूजा व्हिडिओ कॉलवर बघतो आणि बायको मागून ओरडते, नमस्कार तरी कर, नुसता बघतोयस काय.

मी एकुलता एक. म्हणजे ते माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चाललो होतो. वारसाच्या नावावर लायसन्स करता येतं, त्यासाठी तिकडे राहायला हवं, एवढंच. आणि मी काय, दोन-तीन वर्षांत परत जाणारच आहे... सगळ्यांना तसंच सांगतो.

बू राशिदनी मी सांगितलेलंच पिस्तूल पसंत केलं. कागदपत्रं चालू होती तेवढ्यात मी पार्किंगमध्ये येऊन आबांना फोन लावला. म्हटलं, म्हातारा खूश होईल, त्याच्या नियमानं एका अरबाची खरेदी झाली! आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बरं केलंस, म्हणाले. मग मी हसत विचारलं, आपलं काय म्हणतंय, तेलपाणी केलं का दसऱ्यासाठी?

"आरं, ते दिलं की जमा करून."

पोलीस ठाण्यात. मागच्या आठवड्यात. लायसन्सची मुदत संपत आली होती, पुन्हा चकरा मारायला गुडघे साथ देत नाहीत. टॉवेलात गुंडाळून एसटीनं एकटेच गेले. आईला परत आल्यावर सांगितलं.

म्हटलं, आबा, अहो विचारायचं तरी!

"इचारलं की. इराला इचारलं. ती नगं म्हणाली."

इरा म्हणजे माझी लेक, यंदा बारावीला. या बाईसाहेबांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हणालो, तिला विचारलंत, मग मला का नाही?

आबांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. एखादी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "तुला काय इचारायचं, बाबा. तू आता तिकडचाच की."

आणि लगेच, जेवलास का, असं विचारलं.

बू राशिदनी मला घरी, मोहम्मद बिन झायद सिटीत, सोडलं. ते खुशीत होते, त्यांना काही कळलंही नसेल. रात्री इराला विचारलं, तर ती घाबरली. "आबा आस्क्ड मी सो नाइसली, बाबा. आय सेड नो, थँक यू. वॉज दॅट राँग?"

नाही गं बाई, म्हटलं. तुझं काही चुकलं नाही. तिनं निदान खरं उत्तर दिलं.

रिव्हॉल्व्हर गेलं याचं वाईट वाटतंच, नाही कसं... पण मी परत येणार यावरचा आबांचा विश्वास कधी उडाला, कुठल्या वर्षी, कुठल्या फोननंतर, ते मला कळलंसुद्धा नाही. मी आपला दर सुट्टीत तेच सांगत राहिलो आणि ते दर वेळी हो म्हणत राहिले.

चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर फार बरं वाटलं असतं हो मला.