दक्षिण टोक तपासलंस का?

लेख गौरवपर असावा, अशी संपादकांची ताकीद आहे. प्रयत्न करते. पण डॉ. कुमुदिनी मोहोळकर यांच्याविषयी निव्वळ गोड लिहिणे त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला जमेल असे मला वाटत नाही. जमलेच, तर मॅडमच तो लेख लाल खुणा करून परत पाठवतील.

आमची पहिली भेट दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत झाली. विज्ञान प्रदर्शनासाठी मी कृष्णविवराचे चित्र काढले होते. मधोमध एक सुबक गोल आणि भोवती नुसता अंधार. पाहुण्या म्हणून आलेल्या मॅडमनी विचारले, "याच्या शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

"असं कसं? तारे असतील, वायू असेल, चुंबकीय क्षेत्र असेल. ते सगळे ओढणार, मग हा इतका गोल राहील का?"

बक्षीस दुसऱ्या मुलीच्या ज्वालामुखीला मिळाले. मी आठवडाभर धुमसत होते.

पुढे त्यांच्याच हाताखाली संशोधनाला लागले, तेव्हा कळले की मॅडमचे सगळे काम याच प्रश्नावर उभे आहे. पाठ्यपुस्तकातले कृष्णविवर रिकाम्या विश्वात एकटे असते, म्हणून त्याचे गणित देखणे दिसते. मॅडमनी आयुष्य घालवले ते बाहेरच्या क्षेत्रांमुळे त्याच्या भोवतीचे अवकाश-काल कसे वेडेवाकडे होते, हे शोधण्यात. ज्या सीमेच्या आतून प्रकाशही परतत नाही, ते क्षितिज कुठे चपटे होते आणि कुठे लांबट, हे त्या कागदावर पानेच्या पाने मांडत. हे चिकाटीचे काम आहे, टाळ्यांचे नाही. मॅडमना त्याचे काही वाटत नसे. आम्हांला वाटे, कारण आम्हांला नोकऱ्या हव्या होत्या.

त्यांचा एक दंडक होता. उत्तर कितीही सुंदर येवो, कृष्णविवराच्या अक्षाची उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही टोके वेगवेगळी तपासायची. अक्षाभोवती छोटे वर्तुळ काढले आणि त्याचा परीघ हवा त्यापेक्षा कमी-जास्त आला, तर अवकाशाला तिथे शंकूसारखे टोक आले असे समजायचे. म्हणजे बाहेरून ओढ लागलेली असतानाही कृष्णविवर जागचे हलू नये म्हणून गणिताने गुपचूप टेकू लावला आहे. असा टेकू निसर्गात नसतो. मॅडमच्या लेखी ती लबाडी.

माझा प्रबंध टंकून तयार होता. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होत होते, क्वार्टर सोडायचे होते, बिऱ्हाड साताऱ्याला हलणार होते. एका कॉलेजात जागा निघाली होती आणि प्रबंध दाखल झाला तर ती मला मिळण्यासारखी होती. नाही मिळाली तर मीही साताऱ्याला, आणि संशोधनाला कायमचा रामराम. फक्त मॅडमची सही हवी होती.

"दक्षिण टोक तपासलंस का?"

"मॅडम, उत्तरेला सगळं जुळतंय. दक्षिणेला तेच येणार."

"येणार, की आलं?"

सही झाली नाही. मी घरी येऊन रडले. माझी आई चिडून बसने थेट मॅडमच्या घरी गेली. "अहो बाई," ती म्हणाली, "ते भोक इतकं लांब. जरा वाकडं असलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आईला पोहे दिले आणि वर्तमानपत्राचा पुडा वळून अवकाशाचे टोक म्हणजे काय ते दाखवले. भांडायला गेलेली बाई घरी येऊन मलाच म्हणाली, "त्या बिल्कुल बरोबर बोलतायत. तू खालचं टोक बघितलंच नाहीस म्हणे!" कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार?

तपासले. जुळत नव्हते. बाहेरचे क्षेत्र मीच असमान घेतले होते आणि जुन्या समान उदाहरणांच्या सवयीने दोन्ही टोके सारखीच धरली होती. दोन प्रकरणे नव्याने लिहावी लागली. तोवर जागा गेली.

आम्ही सामान बांधत असताना मॅडम क्वार्टरवर आल्या आणि एका वळकटीवर बसून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहील."

"किती दिवस?" वडिलांनी विचारले.

"दोन्ही टोकं जुळेपर्यंत."

वडील हो म्हणाले. ते कुणाला इतक्या झटपट हो म्हणाल्याचे मला आठवत नाही.

मॅडमबरोबर राहणे हा वेगळाच छळ होता. गॅस बंद केल्यावर त्या पुन्हा जाऊन बघत. मी दाराला कडी घातली की मागून येऊन ओढून पाहत. माझ्यासाठी चादर घ्यायला त्या मला पानिपतला घेऊन गेल्या आणि दुकानात प्रत्येक चादर पूर्ण उलगडायला लावली. दुकानदार वैतागून म्हणाला, "बहनजी, दूसरा सिरा भी ऐसा ही है." दुसऱ्या टोकाची हमी देणाऱ्या त्या माणसाची मला फार दया आली. चादर मात्र अजून टिकून आहे.

प्रबंध झाला, आणि दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखतीची वेळ आली. मी म्हटले, "मॅडम, माझ्याविषयी दोन शब्द सांगाल ना?" त्या म्हणाल्या, "विचारलं तर सांगेन." एवढेच. वर्षभर एका घरात राहिलो, आणि विचारले तर सांगेन! मी रागाने नाश्ता न करताच निघाले.

मुलाखतीत अध्यक्ष म्हणाले, "मैडम मोहोळकर को फोन किया था. तारीफ तो कुछ की नहीं. बस इतना कहा, इस लड़की का हिसाब मैं दोबारा नहीं जाँचती."

मी समितीसमोर रडायला लागले. घाबरून कोणीतरी पाणी मागवले. जागा मला मिळाली आणि मी दिल्लीत राहिले. ते वाक्य मात्र मॅडमनी मला तोंडावर आजवर कधी ऐकवलेले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आता मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन डॉक्टरांनी हो म्हटले आहे, आणि त्या तिसऱ्याला विचारणार आहेत. अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. मी चिंतत बसणार नाही, हट्टच धरते. मॅडम, ऑपरेशन करून घ्या, ठणठणीत व्हा आणि खूप वर्षे जगा. तुमच्यावर चिडायला तुम्ही समोर लागता.