कॅम्पातली शेजारीण

पेरूसारखे दिसणारे फिजोआ पिकले की हॅमिल्टनमध्ये ते कुणी विकत घेत नाही. ज्याच्या दारी झाड, तो पिशव्या भरभरून वाटत सुटतो. अशीच एक पिशवी घेऊन पलीकडच्या घरातली सत्तरीची बाई कुंपणापाशी आली, आणि माझ्या आईची न्यूझीलंडमधली एकुलती एक मैत्री सुरू झाली. ती दुपार आठवली की अजून हसू येतं आणि मग आईची फार आठवण येते.

बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून इकडे आणलं होतं. तिने आता इथेच राहावं, हा माझा हट्ट. तिथला फ्लॅट भाड्याने द्यायला मी परस्पर एजंटही गाठला होता. आई धड हो म्हणत नव्हती, धड नाही म्हणत नव्हती.

कुंपणापाशी शेजारीण म्हणाली, "आय ग्रू अप इन कॅम्प."

"अगंबाई, कॅम्पातली!" आईचा चेहरा उजळला. "वुई ऑल्सो पुणे! कॅम्प बिस्किट्स, व्हेरी नाइस!"

शेजारीण गोंधळली. "देन द सोल्जर्स केम..."

"सोल्जर्स ऑल्वेज देअर," आई अभिमानाने म्हणाली. "व्हेरी डिसिप्लिन्ड."

"नॉट अवर्स."

आता मात्र मी मध्ये पडले. बाई फॉकलंडची होती. ब्रिटन आणि अर्जेंटिना दोघंही आपली म्हणतात, ती बेटं. गावाबाहेरच्या मेंढ्यांच्या माळरानाला तिकडे कॅम्प म्हणतात. तिचं लहानपण तिथे गेलं, मग आईवडिलांनी गावात घर केलं. पुढे ती तिशीत असताना अर्जेंटिनाचं सैन्य गावात घुसलं आणि ही मंडळी घर सोडून पुन्हा कॅम्पातल्या नातेवाइकांकडे पळाली. दोन-अडीच महिन्यांत सैन्य हरून परत गेलं.

खुलासा झाला तरी आईने तिला कॅम्पातलीच ठरवलं. मग रोज चहा. एकीचं इंग्रजी मोडकं, दुसरीला मराठी शून्य, पण गप्पा काही संपत नसत. अडलं की मी दुभाषी.

एकदा आईने विचारलं, "परत गेल्यावर घर होतं का जागेवर?"

घर होतं. सैनिक त्यांच्या पलंगांवर झोपून गेले होते, मुरंब्याच्या बरण्या रिकाम्या होत्या, कपाटं इकडची तिकडे झाली होती. तिच्या आईने सगळं घासून-पुसून पुन्हा लावलं. पण मरेपर्यंत ती म्हणायची, इथे कुणीतरी राहून गेलंय.

मी भाषांतर केलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "भाडेकरू नको."

मी उखडलेच. "काहीच्या काही, आई! कुठे बंदूकवाले सैनिक आणि कुठे बँकेतलं एक साधं जोडपं! भाडं देणार आहेत ते."

"माणसं चांगलीच असतील गं," ती म्हणाली. "पण बाथरूममधला आरसा तुझ्या बाबांच्या उंचीला लावलाय. मला त्यात नुसतं कपाळ दिसतं. नवीन माणूस तो पहिल्याच दिवशी खाली घेईल."

बाबा गेल्यापासून मी एकदाही धड रडले नव्हते. त्या संध्याकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडले. मग एजंटला नकार कळवला आणि तिचं पुण्याचं तिकीट काढलं.