फिलूची आंबलेली वाईन

बातमी नातालीननं दिली. नातालीन म्हणजे फिलूची धाकटी जाऊ. "तुजी मैत्रीण गेली सकाली. आता खूस हाय ना?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी भाईंदरला जेसल पार्कच्या घरात कुकर लावत होते. महिना उलटून गेलाय आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. इथे देते.

फिलोमिना उत्तनची. शाळेत माझ्या बाकावर बसायची आणि तेव्हापासून तिची जीभ कुणाला सोडत नसे. आमच्या घरची मिठागरं, त्यांची वाडी आणि भातशेती. लग्न तिनं गावातच केलं आणि जांभळाची वाईन अशी करायला लागली की नाताळात भाईंदरपासून लोक तिच्या ओट्यावर यायचे. आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, झाला की थंडीतल्या एका रविवारी पाच-सहा घरं मिळून वाडीत पंगत घालायची. मुंबईची माणसं यायची. नव्या तांदळाच्या भाकऱ्या, वाल-वांगी, डुकराचं मटण, तळून फुगवलेले गोल पाव म्हणजे फुगे आणि घराघरातली वाईन. पाहुणे यायच्या आधी मात्र बायकांची चाखणी असे आणि चाखायची फिलू. जमलेली असली तर मान हलवायची. बिघडलेली असली तर म्हणायची, "माडाला पाज." मग जिनं ती केली तिनंच सगळ्यांसमोर बाटली नारळाच्या बुंध्यात ओतायची. नातालीननं लेकीच्या साखरपुड्यासाठी जपलेली वाईन फिलूनं अशीच ओतायला लावली. ती रडत ओतत होती आणि फिलू वरून म्हणते, "हलू ओत, माड मरल." सगळ्या हसल्या, मीही हसले. फिलू दुष्ट होती. गेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलायचं असतं, पण मग ते फिलूबद्दल राहणार नाही.

मग तिला घशाचा कॅन्सर झाला. उपचारांनी गाठ बसली, पण चव गेली, वासही गेला. तिनं कुणाला कळू दिलं नाही. गेल्या मोसमात जांभळं आली तशी सवयीनं वाईन घातली आणि ती साफ आंबली. बायकांना ते ठाऊक होतं. नातालीननं गुपचूप चाखून घरोघर सांगितलं होतं. फिलूला मात्र कुणी सांगितलं नाही... पंगतीच्या रविवारची वाट बघत होत्या सगळ्या. आदल्या दिवशी मी गेले तेव्हा नातालीन अंगणातच भेटली. "उद्या लवकर ये गो. ती सगल्यांसमोर कसी ओतते ता मना बघाचा हाय."

आत फिलूनं माझ्यासमोर पेला ठेवला. "मना काय न्हाय लागत. सगला पानी. तू सांग." तिनं जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं. मी एक घोट घेतला.

"फिलू, आंबलीये."

"पुरती?"

"पुरती."

मी म्हटलं, आजारी आहे म्हणून सांग, उद्या येऊच नकोस. तिनं मला अशी शिवी हासडली की इथे छापता येणार नाही.

रविवारी ती आली. कुणी पेले काढायच्या आत माडाशी गेली आणि आपली बाटली तिनं स्वतःच ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग नातालीनकडे वळून म्हणाली, "हस ना." कुणी हसलं नाही. पंगतीला ती बसली नाही. अंथरुणाला खिळली ती तेव्हापासून, आणि नाताळ काही तिनं बघितला नाही. घरच्यांचं म्हणणं, मी तिला मारली. दोन गोड शब्द बोलले असते तर चार महिने जगली असती. जगलीही असती. पण रविवारी तोच पेला हातात घेऊन ती ऐटीत उभी राहिली असती आणि भोवती सगळ्या तोंडाला पदर लावून खुसखुसल्या असत्या. मी खूश नाही, नातालीन. पण पुन्हा विचारलंस तर तेच सांगेन.

महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले. कुणी माझ्याशी धड बोललं नाही. जेवणात डुकराचं मटण होतं आणि त्याला असा सुरेख आंबटपणा आला होता की शेजारच्या बाईनं विचारलंच, व्हिनेगर कुठलं?

"तिचाच," नातालीन वाढता वाढता म्हणाली. "तिनं एक बाटली ओतली. बरनी भरलेली व्हती ना घरात. टाकाची कसाला? जिती व्हती तवर आमाला जालली. आता मटनात तरी कामाला आली."

मला हसू फुटलं. भरल्या घरात, मिस्साच्या दिवशी. नातालीननं डोळे वटारले, मग तीही हसली आणि हसता हसता पळी पातेल्यात टाकून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. निघताना तिनं माझ्या पिशवीत एक बाटली कोंबली.

ती बाटली माझ्या गॅसशेजारी आहे. काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर घालते. दात आंबतात. मग मी फिलूला एक सणसणीत शिवी घालते आणि जेवते.