छतवालीचं पान

अकरा नावं एकाखाली एक, आणि बाराव्या जागी माझ्या नातीचं. त्याखाली हिंदीत लिहिलं होतं की ही सगळी एकाच माणसाने उघडलेली खोटी खाती दिसतात, बाराही बंद करावीत का?

नातीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "आजी, तू मंडळात कोणाला काय बोलली?"

"सगळ्यांना बोलले."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नखं खात बसली.

नेटवर एक ज्ञानकोश आहे, त्यात कोणीही पान लिहू शकतं. नात तीन वर्षं तिथे लिहितेय. आमेरकडच्या बावड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, पानं तिचीच आहेत. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी ही मुलगी तिथे मोठमोठ्या माणसांशी वाद घालते. या वेळी तिने छतवालीवर पान लिहिलं होतं.

माझा नवरा बँकेत होता. बदली होऊन सांगलीहून जयपूरला आला तो इथेच राहिला. सुट्टीच्या दिवशी एका लहान छापखान्यासाठी हिंदी कॉमिक काढायचा. त्यात एक हवालदार गच्च्यांवरून चोरामागे धावायचा. दर अंकात एका चौकटीत पापड वाळत घालणारी एक बाई हात लांब करून सांगायची, "उधर गया!" तेवढंच तिचं काम. तिला नाव नव्हतं, गल्लीतली पोरं छतवाली म्हणायची. नाक माझं होतं. मला विचारून काढलेलं नव्हतं.

पान लिहून आठवडा झाला नाही तोच कोणीतरी त्यावर खूण लावली: पात्र किरकोळ आहे, पान काढावं. चर्चेला सात दिवस.

"दुसऱ्या कोणी तिच्याबद्दल लिहिलेलं पाहिजे," नात म्हणाली. "मतलब, पेपरमध्ये, पुस्तकात, कुठेही."

मी पलंगाखालच्या दोन्ही पेट्या उपसल्या. नवऱ्याची चित्रं, नवऱ्याच्या वह्या, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात नवऱ्यानेच लिहिलेला लेख. आपलं कौतुक आपणच केलेलं तिथे चालत नाही. चालूही नये.

पण मला बसवेना. गच्चीवर गेले, खाली आले, परत गेले. कूलर भरलेला असताना त्यात आणखी बादली ओतली, सगळी फरशी ओली झाली. शनिवारी मंडळात बायकांचं भजन असतं. ते संपल्यावर मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं.

आमच्या मंडळात सगळं हात वर करून ठरतं. गणपतीत नाटक बसवायचं की गाण्यांचा कार्यक्रम, तेसुद्धा. मला वाटलं, तिथेही हात मोजत असतील. बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊजी मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसले. दहा बायकांची खाती उघडून दिली, अकरावं स्वतःचं. सगळ्यांनी पाळीपाळीने एकच लिहिलं, "रखा जाए."

"काकू, पण ठेवायचं काय आहे?" एकीने विचारलं.

"अगं, काकूंचं नाक," दुसरी म्हणाली.

हसलो, शिरा खाल्ला, घरी आलो.

एकच कॉम्प्युटर, एकच दुपार, तेच दोन शब्द. नातही कधीमधी त्याच कॉम्प्युटरवरून लिहायची. तिथे हात मोजत नाहीत, पान का ठेवायचं याचं कारण बघतात. कारण एकीनेही दिलं नव्हतं.

"खातं गेलं तर मी परत कधीच लिहू शकणार नाही," नात म्हणाली.

"मग आता मी सांगते ते लिही."

मी चौथी शिकले आहे, पण सांगायला शिक्षण लागत नाही. मी सांगितलं: मी हिची आजी. अकरा माणसं खरी आहेत, आदर्श नगर आणि राजा पार्कात राहतात. त्यांना मी पाठवलं, हिला माहीत नव्हतं. चित्रं हिच्या आजोबांची, हे हिने आधीच सांगायला हवं होतं. ती बाई अंकाला दोन शब्द बोलते. तिला वेगळं पान नको. काढून टाका.

"शेवटचं नाही लिहिणार मी."

"लिही."

"आजी, ती तू आहेस."

"मी इथे बसलेय. लिही."

तिने लिहिलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. ती दर थोड्या वेळाने लॅपटॉप उघडायची आणि मी जिना चढायचे. तिची आई म्हणाली, "सासूबाई, गुडघे राहतील का?" मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मंडळातली अकरा खाती बंद. नातीचं राहिलं, ताकीद देऊन. छतवालीचं पान काढलं. हवालदाराच्या पानात एक ओळ घातली: गच्चीवरची एक स्त्री चोर कुठे गेला ते दाखवते.

नातीने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. मग बावडीचं एक पान उघडलं आणि कामाला लागली.

नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, छापखाना त्याच्याही आधी बंद पडला. नातीचं खातं चालू आहे. माझे गुडघे दुखतात, पण मी आहे.