दुसरी गाय

परभणीहून पालमला जाताना एसटीत मी मोबाइलवर फ्रेंच सिनेमा पाहत होतो. परीक्षण लिहायचं होतं. शेजारी दुधाचा रिकामा कॅन पायांत धरून बसलेली बाई न विचारता पडद्यात डोकावत होती. सिनेमाच्या शेवटी म्हातारी शेतकरीण रिकाम्या गोठ्यात हातातला दोर कुरवाळत बसते. झाडून सगळ्या समीक्षकांना त्यात मरण दिसलं होतं, मलाही.

"आता ही फास घेणार," मी ठामपणे म्हणालो.

बाईनं कॅनचं झाकण पदरानं पुसलं, माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"दादा, मरंल कशाला? गाय इकलीय तिनं. हातात गाईचं दावं हाय, ते गिऱ्हाइकाला देत नसतेत, ठेवून घेतेत. दुसरी आणायची हाय तिला."

ती उतरली. मी वहीत आधीच लिहून ठेवलेला 'मरणाचा दोर' हा मथळा खोडला आणि लिहिलं, 'दुसरी गाय'.